अजून मासा नाही

गेल्या मे महिन्यात आमच्या पार्सल ऑफिसात
थर्माकोलचा एक डबा चार तास अडकला.
वर मार्करने लिहिलेलं : जिवंत मासे, उन्हात ठेवू नये.
भुसावळात उन्हात नाही तर कुठे ठेवणार?
ओढत आणला टेबलाखाली, कूलरसमोर,
आणि झाकणाच्या फटीतून पाहिला तो :
नारिंगी, पांढऱ्या पट्ट्यांचा, बोटाच्या पेराएवढा,
पिशवीतल्या ओंजळभर समुद्रात.
मग गाडी आली. डबा नागपूरला गेला.
मासा माझ्याकडेच राहिला, डोक्यात.

विचारत सुटले.
जळगावचा एक दुकानदार म्हणाला, ताई, सोपं आहे,
नळाचं पाणी, मूठभर खडेमीठ,
दोन दिवसांत खेळायला लागतो.
दुसरा म्हणाला, मीठ खास लागतं, ते फक्त माझ्याकडे.
तिसऱ्याने निळा मासा दाखवला : हा वाढत नाही.
महिन्याने त्यानेच सांगितलं,
हा फूटभर होतो, मोठी टाकी घेऊन ठेवा.
आतेभाऊ जेवता जेवता म्हणाला,
समुद्र खारट, मीठ खारट, भांडण कशाचं?
आणि शेवभाजीत लिंबू पिळलं.
इतक्या जणांत एकही असा भेटला नाही
की म्हणेल, मला माहीत नाही.

मग कुणीतरी सुभान तडवींचं नाव काढलं.
लोको शेडच्या पाण्याच्या लॅबमधून रिटायर.
इंजिनाला पाजायच्या आधी पाणी तपासण्यात
ज्यांची बत्तीस वर्षं गेली.
त्यांनी मला टाकी नाही दाखवली.
वही दाखवली.

११ एप्रिल. लाईट सहा तास नव्हती. दोन गेले. चूक माझी.
३ जून. नवा आणला, वेगळा न ठेवता सोडला.
अंगावर पांढरे ठिपके. सगळे गेले. चूक माझी.
२० ऑगस्ट. एक गेला. कारण कळलं नाही.

त्या शेवटच्या ओळीवर मी बोट ठेवून बसले.
ते म्हणाले, "जो म्हनतो ना, माह्या टाकीत कधी मासा मेला नाही,
त्याच्यापासून घेऊ नको बाई.
एक तर त्याले मोजता येत नाही,
नाही तर..."
आणि चहा गाळायला उठले.

आता माझ्या खोलीत काच आहे, पंप आहे,
मोजून कालवलेलं समुद्राचं मीठ आहे.
रोज परीक्षानळीत पाच मिलि पाणी, वर थेंब.
हिरवा रंग आला तर थांबायचं.
पिवळा व्हायला सहा आठवडे लागले, तरी थांबायचं.
इथे केळी रात्रीतून पिकवतात,
पाणी पिकवता येत नाही.
बाहेर पंचेचाळीस. टाकीवर दोन पंखे.
पाणी उडून जातं, मीठ उडत नाही,
म्हणून पातळी उतरली की वरून गोडंच घालायचं.
हे मला आधी उलटं वाटायचं.

वरच्या मजल्यावरच्या फेगडे वहिनी येतात,
काचेला नाक लावून विचारतात, मासे कुठेत?
म्हणते, येणारेत.
जसं काही पाहुण्यांची गाडी लेट आहे.

परवा दुकानातून फोन : ताई, जोडी आलीय,
संध्याकाळपर्यंत धरून ठेवतो.
म्हटलं, आली कधी? टाकीत जन्मलेली की समुद्रातून धरलेली?
काय खाते? माझ्यासमोर खाऊन दाखवेल?
पलीकडे जरा शांतता.
"ताई, तुम्हाला मासा घ्यायचाय की पोरगी द्यायचीय?"
मलाही हसू आलं. पण गेले नाही.

मीही एक वही घातलीय.
तारीख, तापमान, क्षार.
शेवटच्या रकान्यात रोज एकच : मासा नाही.

रात्री मालगाडी गेली की टाकीतलं पाणी
अगदी थोडं थरथरतं.
काल काचेवर तपकिरी साय धरलेली दिसली.
तडवींना फोन केला.
म्हणाले, बरं आहे ते.
विचारलं, नक्की?
म्हणाले, नक्की नाही.
उद्या येऊन पाहतो.